कथेची शॉर्टेज वही

औषधाच्या दुकानात एक वही असते, गिऱ्हाइकाला ती सहसा दिसत नाही. शॉर्टेजची वही. एखादं औषध संपलं किंवा शेवटचं पाकीट उरलं, की हातातलं काम थांबवून तिथे नाव टाकायचं. ‘नंतर लिहीन’ म्हटलं की ते हमखास राहतं आणि दुसऱ्या दिवशी नेमकं तेच मागायला कुणीतरी येतं. संध्याकाळी वही बघून ऑर्डर द्यायची, सकाळी माल हजर. मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर आमचं दुकान आहे, सोळा वर्षं मी ती वही लिहिते आहे. गेली सहा वर्षं तशीच एक वही कथेसाठीही ठेवते. माझ्या लिखाणात जो काही फरक पडला, तो तिच्यामुळे पडला.

त्याआधी मी रविवारची वाट बघायची. दुपारनंतर दुकान बंद, मुलं आजोळी, चार तास मोकळे. पण सहा दिवसांनी बसलं की आपलीच पात्रं परकी वाटायची. पहिला दीड तास मागचं वाचण्यात जायचा, मग सुरुवात खोडून पुन्हा लिहिण्यात. एका कथेची पहिली चार पानं मी अकरा वेळा लिहिली, पाचवं एकदाही नाही. एका वर्षी दिवाळी अंकासाठी कथा कबूल केली आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात रात्री जागून ती संपवली. परत आली. संपादकांनी कळवलं होतं, ‘शेवट उरकल्यासारखा वाटतो.’ खरंच होतं ते, मी तो उरकलाच होता. फार लागलं मला. त्या कथेतली म्हातारी माझ्या जवळची होती आणि तिला मी दारातच उभी ठेवून निघून आले होते.

१९०९ मध्ये का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून आपल्याकडच्या कितीतरी कथा या एका सणाच्या हिशेबाने लिहिल्या जातात. अंक दिवाळीत येतो, पण मजकूर पावसाळ्यातच मागतात. म्हणून मी आता उलटा हिशेब मांडते. अंकातली कथा साधारण चार-पाच हजार शब्दांची. रोज ३०० शब्द, महिन्यातले २२ दिवस, म्हणजे ६,६०० शब्द होतात. मार्चमध्ये पहिला खर्डा. एप्रिलभर तो कपाटात. मे आणि जून पुन्हा लिहिण्यासाठी. रविवारी लिहायचं नाही, हेही ठरवून टाकलं.

माझी वेळ दुपारी अडीच ते पावणेचार. सकाळची ओपीडी संपलेली असते, संध्याकाळची सुरू व्हायची असते. शटर अर्धं खाली. इन्सुलिनच्या फ्रीजची घरघर तेवढी चालू. मोबाइल गल्ल्यात ठेवते आणि काउंटरमागे स्टुलावर बसून फुलस्केप वहीत हाताने लिहिते. कुणी आलं तर उठते, औषधाचं दुकान आहे, उठावंच लागतं. मात्र वाक्य अर्ध्यावर सोडून उठते. ते पुरं करून उठलं तर परत आल्यावर नवं वाक्य शोधावं लागतं, आणि खरा वेळ त्यातच जातो.

पावणेचारला पेन ठेवण्याआधी तीच वही मागून उघडायची आणि आज कथेत काय कमी पडलं ते लिहायचं. दोन-तीन ओळी, जास्त नाही. ‘कथा जमत नाहीये’ असं लिहायचं नाही. होलसेलरला ‘तापाचं काहीतरी पाठवा’ असं सांगून चालत नाही, नाव, किती एमजीची, किती पाकिटं, सगळं सांगावं लागतं. तसंच इथे. ‘तात्या एवढं बोलतात, पण हातात काही नाही.’ ‘थोरल्या जावेला भर दुपारी घरी असायला कारण नाही.’ ‘पाऊस आला, पत्रा वाजला नाही.’ दुसऱ्या दिवशी बसलं की कोरं पान समोर नसतं. तात्यांच्या हातात काय द्यायचं, एवढाच प्रश्न असतो. त्या दिवशी मी त्यांना सोलायला लसूण दिला आणि त्यांचं अर्धं बोलणं आपोआप गळालं.

काउंटरवरून कथेत काय न्यायचं, याचाही एक नेम मी धरला आहे. एच-१ यादीतल्या, म्हणजे काही अँटिबायोटिक, टीबीच्या आणि सवय लागणाऱ्या औषधांसाठी २०१४ पासून वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध, किती दिलं ते, आणि हे तीन वर्षं जपायचं. त्या रजिस्टरमधलं, कुणाच्या चिठ्ठीवरचं, आजारातलं काहीही माझ्या कथेत येत नाही. माणूस ते विश्वासाने माझ्या हातात देतो. मी नेते ती बोलण्याची तऱ्हा. परवा एका आजोबांनी दहातल्या तीनच गोळ्या मागितल्या. पाकीट कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरीची बाजू आपल्याकडे राखायची असते, म्हणून मी दुसऱ्या टोकाने कात्री लावली. ते म्हणाले, ‘तारखंचं टोक ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. उरलेल्या न्यायला मला परत यायचंच हाय.’ ते गेल्या गेल्या बिलाच्या पाठीवर उतरवून घेतलं. रात्रीपर्यंत मी थांबले असते तर ‘मला परत यायचंच आहे’ एवढंच उरलं असतं, आणि त्यात ते आजोबा नसते.

खर्डा पुरा झाला की मोठ्याने वाचते. हे शिकले आमच्या सतारमेकर गल्लीत. जवारी लावताना, म्हणजे तारेचा नाद जुळवताना, कारागीर घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, जराशी घासतो, तार चढवतो, छेडतो, कान लावून थांबतो, पुन्हा तार काढतो. एकदा मी दारात उभी होते तेवढ्यात त्यांनी सात वेळा तार उतरवली. डोळे जवळजवळ मिटलेलेच होते. मीही वाचताना जिथे जीभ अडते तिथे पेन्सिलीची खूण करते, थांबत नाही. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी.

सध्याच्या कथेत दोघी बहिणी आईचं घर रिकामं करतायत. कालच्या नोंदी अशा आहेत: ‘फडताळ उघडलं, वास आला नाही.’ ‘चावी धाकटीकडे कशी?’ ‘पितळी डबे कोण नेणार हे कुणीच बोललेलं नाही, पण दोघीही त्याच खोलीत घुटमळतायत.’ आज अडीचला तिसरीपासून सुरू करणार आहे.