नाताळात मला काय हवे आहे

नाताळ जवळ आला की घरची आणि जवळची माणसे ‘यंदा तुला काय हवे?’ असे विचारू लागतात, आणि गेल्या काही वर्षांत माझे उत्तर पक्के होत गेले आहे: वस्तू नको, तुमच्यासोबतचा एखादा दिवस हवा, आणि पैसे खर्च करायचेच असतील तर ते ज्याची नड खरी आहे अशा कुणासाठी व्हावेत. हे ऐकून काहींना वाटते की मी संकोचाने नाही म्हणते आहे, तर काहींना आपल्या प्रेमाचा अव्हेर झाल्यासारखे वाटते. म्हणून त्यामागचा विचार सविस्तर मांडत आहे.

नाताळच्या भेटींची परंपरा ज्यांच्याशी जोडली जाते ते संत निकोलस चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या मायरा या नगरीचे बिशप होते. त्यांच्याविषयी अशी कथा सांगतात की एका दरिद्री माणसाच्या तीन मुलींची लग्ने हुंड्याअभावी अडली होती आणि त्यांच्यावर फार वाईट दिवस येण्याची भीती होती. तेव्हा निकोलस यांनी रात्रीच्या अंधारात, कुणाला कळू न देता, त्या घरात सोन्याच्या थैल्या टाकल्या. या कथेत इतिहास किती आणि श्रद्धा किती, हा प्रश्न वेगळा. मला तिच्यातले मर्म यात दिसते की त्या घरात नेमके काय अडले आहे हे देणाऱ्याने आधी जाणून घेतले होते, आणि घेणाऱ्यावर उपकाराचे ओझे राहू नये म्हणून स्वतःचे नाव झाकले होते. सांताक्लॉज याच संतावरून घडला, परंतु आपण त्याची थैली तेवढी ठेवून घेतली आणि देण्याआधीची ती चौकशी विसरलो.

ही चौकशी नसली की काय होते, याचा हिशेब अर्थतज्ज्ञ जोएल वॉल्डफोगेल यांनी १९९३ साली मांडला. मिळालेल्या भेटींसाठी, त्यांचे भावनिक मोल बाजूला ठेवून, तुम्ही स्वतः किती पैसे मोजले असते असे त्यांनी विद्यार्थ्यांना विचारले, आणि उत्तरांवरून असा अंदाज काढला की भेटींच्या किमतीतला दहा टक्के ते एक तृतीयांश भाग वाया जातो. जवळच्या मित्रांच्या भेटींत हे नुकसान कमी होते आणि दूरच्या नातलगांच्या भेटींत जास्त, हे मला त्या आकड्यांहून महत्त्वाचे वाटते, कारण जो आपल्याला ओळखतो त्याचीच निवड नेमकी पडते.

अनुभवाची भेट मला प्रिय आहे ती नात्यासाठी. सिंडी चॅन आणि कॅसी मोगिलनर यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की वस्तूंपेक्षा अनुभवांच्या भेटींनी देणाऱ्या-घेणाऱ्यांमधले नाते अधिक घट्ट होते, आणि तो अनुभव घेताना देणारा सोबत नसला तरीही होते, कारण त्या वेळी मनात उठणाऱ्या भावना तीव्र असतात. तरीही मी सोबत मागते. कोणी मला आपले एखादे कौशल्य शिकवावे, मनात असूनही राहून गेलेली पायपीट माझ्याबरोबर करावी, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायला एक दुपार द्यावी. यातल्या कशालाही फारसे पैसे लागत नाहीत, मात्र तारीख ठरवावी लागते. ‘कधीतरी जाऊ’ असे नुसते लिहून दिलेले शुभेच्छापत्र ही भेट नव्हे.

इतरांसाठी खर्च करण्याबद्दलही मला असाच विश्वास वाटतो. एलिझाबेथ डन, लारा अकनिन आणि मायकेल नॉर्टन यांच्या २००८ सालच्या प्रयोगात काही जणांना पाच किंवा वीस डॉलर देऊन, काहींना ते स्वतःवर आणि काहींना दुसऱ्यांवर संध्याकाळपर्यंत खर्च करायला सांगितले होते. दुसऱ्यांवर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले, आणि रक्कम लहान की मोठी याने त्यात फरक पडला नाही.

मात्र दुसऱ्याच्या नावाने देणगी देताना जपून वागावे. लहान मुलाच्या हाती खेळण्याऐवजी देणगीची पावती ठेवणे मला निष्ठुरपणाचे वाटते, आणि ज्याला उबदार कपड्याची गरज आहे त्याच्यासाठी ती वस्तूच सर्वांत विचारपूर्वक दिलेली भेट ठरते. देणगी ज्याच्या नावाने द्यायची, त्याच्या जिव्हाळ्याच्या कामासाठी असावी. नाहीतर ती देणाऱ्याच्याच आवडीची होऊन बसते. शिवाय डिसेंबरात मदतीचा हात सहज पुढे होतो, पण संस्थांचे भाडे, पगार आणि औषधपाणी वर्षभर चालूच असते, आणि दरमहा ठरलेली रक्कम येणार असेल तर त्यांना पुढचे काम आखता येते. म्हणून तुम्हाला मला काही द्यायचेच असेल तर जानेवारीपासून अशा एखाद्या संस्थेला दरमहा जमेल तेवढी रक्कम द्या, आणि ती संस्था कोणती हे एकदा निवांत बसून आपण मिळून ठरवू.