पंपवाल्या पेशंटचा पावसाळी ताप

जुलै लागला की मुंबईत घरटी एक तरी माणूस खोकत असतो, लोकलच्या गर्दीचं तर विचारूच नका. आमच्याकडे मात्र कोणी नुसतं शिंकलं तरी वहिनी वळून बघते, कारण दादाला एलव्हीएडी बसवलंय. हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाची डावी बाजू जे काम करू शकत नाही ते करणारा हा पंप, त्याची ड्राइव्हलाइन म्हणजे वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेच्या कंट्रोलरला जोडलेली असते, कंट्रोलर दोन बॅटऱ्यांवर चालतो. बॅटरी बदलताना एका वेळी एकच काढायची, हे घरातल्या पोरांनाही पाठ झालंय.

लोकांना वाटतं मशीन बसवलं म्हणजे सुटलो. पण पंप मदत करतो ती फक्त डाव्या बाजूला. उजवी बाजू स्वतःच्याच जोरावर चालते, आणि फ्लू किंवा कोविड फुफ्फुसात उतरून ऑक्सिजन कमी झाला की तिथल्या रक्तवाहिन्या आवळतात, उजव्या बाजूवर लोड येतो, ती दमली की डावीकडे रक्तच पोचत नाही, मग पंप ढकलणार तरी काय? तापात घाम जातो, तोंडाला चव नसते म्हणून पाणी पोटात जात नाही, त्यानेही फ्लो (पंपातून वाहणारं रक्त) पडतो आणि अलार्म वाजतो.

गेल्या पावसाळ्यात दादाला ताप भरला तेव्हा आधी जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी एक मनगट धरलं, मग दुसरं, मग मानेला बोटं लावली. पल्स लागेचना. स्टेथोस्कोप लावला तर ठोक्यांच्या जागी नुसतं घुंऽऽऽ. यात घाबरण्यासारखं काही नसतं, हा पंप रक्त सलग ढकलत राहतो त्यामुळे बऱ्याच जणांची नाडी हाताला लागतच नाही, बोटावरचा ऑक्सिमीटर भलतेच आकडे दाखवू शकतो, बीपीसुद्धा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणारं यंत्र, लावून बघावं लागतं. वहिनीने हे सगळं शांतपणे सांगितलं आणि वही पुढे केली, रोजचं वजन, पंपाचा फ्लो, स्पीड, पॉवर सगळं लिहिलेलं. मला तिचं खरंच कौतुक वाटतं. आजारपणात ही वहीच कामाला येते, सोबत धाप, पायावरची सूज आणि माणूस गुंगीत आहे का ते बघायचं, आणि पहिला फोन पंपाच्या टीमला करायचा.

औषधांचं तर अजून नाजूक. दादा वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर आहे, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) साधारण 2 ते 3 मध्ये ठेवायचा असतो. व्हायरसवर अँटिबायोटिक चालतच नाही, वर काही अँटिबायोटिकने आयएनआर चढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. आयब्युप्रोफेन नको. नाक मोकळं करणाऱ्या गोळ्यांनी बीपी वाढतं आणि बीपी वाढलं की पंपाचा फ्लो घटतो, म्हणून मेडिकलवाल्याने दिली आणि घेतली असं करायचंच नाही, काढासुद्धा विचारूनच.

मुंबईत फ्लू पावसाळ्यात जोर धरतो, म्हणून आम्ही घरातले सगळेच मे महिन्यात लस घेतो. दादाला इंजेक्शनवालीच, नाकात मारायची जिवंत व्हायरसची नाही, आणि वॉरफरिनमुळे टोचल्यावर जागा थोडा वेळ दाबून धरायची.

आता गणपतीत सगळे येणारच, या, दादालाही माणसं लागतात. फक्त ताप-खोकला असेल तर या वर्षी व्हिडिओ कॉलवर दर्शन घ्या प्लीज, प्रसाद मी स्वतः घरी आणून देईन.