पिजदुऱ्याचं लाकूड

रबाळ्याच्या एमआयडीसीतली आमची प्रयोगशाळा खडी तपासते. पुलाच्या नाहीतर टॉवरच्या काँक्रीटमध्ये जाणाऱ्या दगडाची पातळ चकती काढायची, सूक्ष्मदर्शकाखाली बघायची आणि त्यातली सिलिका पुढे सिमेंटमधल्या अल्कलीशी भांडण काढेल का, ते लिहून द्यायचं. येतो तो बहुतेक आपला काळा बेसाल्टच. त्यामुळे नौपाड्याच्या एक काकू पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला तपकिरी तुकडा घेऊन आल्या, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांना जवळजवळ परतच पाठवलं होतं.

काकूंचे वडील चंद्रपूरकडे नोकरीला होते. त्यांनी जमवलेले दगड एका कॉलेजच्या संग्रहालयाला द्यायचे होते, पण तिथल्या बाईंना या एका तुकड्याबद्दल शंका होती. चिकटवलेल्या चिठ्ठीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'जीवाश्म लाकूड, पिजदुरा, ता. वरोरा'. दिसायला लाकूडच. लांबीच्या दिशेने रेषा, मोडलेल्या टोकाला एकात एक कडी.

"कापावं लागेल," मी म्हटलं.

"कापायचं नाही!" काकूंनी तुकडा उचलून मांडीवर घेतला.

शेवटी मोडक्या टोकाची नखाएवढी कपची घ्यायचं ठरलं. आमचे सेक्शनवाले, म्हणजे चकत्या काढणारे मामा एरवी खडीला हिडीसफिडीस करतात, पण त्या दिवशी त्यांनी कपची आधी इपॉक्सीत बुडवून रात्रभर ठेवली, म्हणजे डायमंड ब्लेडखाली भुगा व्हायला नको. मग काचपट्टीवर चिकटवून कार्बोरंडमच्या पावडरीवर घासायला घेतली. दगडाची चकती आम्ही 30 मायक्रॉनवर नेतो. ही मामांनी बरीच आधी थांबवली. "उजेड यायला लागलाय, बघून घ्या," म्हणाले.

लाकूड असतं तर आडव्या छेदात पेशी ओळीने उभ्या दिसल्या असत्या आणि त्यांना छेदणारे अरीय किरण, म्हणजे खोडाच्या मध्यापासून सालीकडे जाणारे पेशींचे पट्टे. इथे ओळी नव्हत्याच. पहिल्या पावसात डबक्यावर थेंब पडावेत तशी वर्तुळं, एकावर एक चढलेली. प्रत्येकाच्या मध्ये एक भोक, भोवती पातळ थर आणि थरांमध्ये चवळीच्या आकाराचे बारीक काळे ठिपके. हे ठिपके म्हणजे हाडाच्या पेशी जिथे बसल्या होत्या त्या खोल्या. मधल्या नळीतून रक्तवाहिनी जायची. क्लॉप्टन हॅवर्स या इंग्रज डॉक्टरने 1691 मध्ये हाडांवर पुस्तक लिहिलं, त्याचंच नाव या नळ्यांना आहे. क्रॉस निकॉल, म्हणजे एकमेकींना काटकोनात लावलेल्या प्रकाश गाळणाऱ्या दोन काचा, लावून नमुन्याखालची गोल स्टेज फिरवली, तर वर्तुळांवर काळे क्रॉस उमटले आणि नळ्यांत भरलेलं कॅल्साइट हे खनिज फिक्या गुलाबी-हिरव्या रंगांत चमकलं. मामांना बोलावलं. ते बराच वेळ डोळा काढेनात.

नवी वर्तुळं जुन्यांना कापत होती. जिवंत हाड स्वतःला पोखरून पुन्हा भरतं. ते इतक्या वेळा झालं असेल, तर प्राणी लहान वयाचा नसणार. इथवर सूक्ष्मदर्शक बोलतो.

काकूंना दाखवलं. बाबांचं चुकलं हे त्यांनी मुकाट्याने ऐकलं आणि लगेच विचारलं, "मग डायनोसॉरचं?"

इथे अडचण होती. अशी वर्तुळं बैलाच्या हाडात दिसतात, हत्तीच्या दिसतात आणि मोठ्या डायनोसॉरच्याही दिसतात. नुसत्या चकतीवरून नाव सांगणारा माणूस थापाडा समजावा. पण चिठ्ठीवर गावाचं नाव होतं. पिजदुऱ्याच्या शेतांत लॅमेटा नावाच्या, डायनोसॉरांच्या काळातल्या गाळाच्या खडकांतली हाडं वर येतात. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तिथून जीवाश्म गोळा केले होते. तिथल्या शेणाच्या जीवाश्मांत गवताचे सिलिकाकण सापडल्याचं 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. डायनोसॉरांच्या काळात गवत होतं, हे त्याआधी फारसं कुणी मानत नव्हतं. खडक साधारण साडेसहा ते सात कोटी वर्षांपूर्वीचे. त्या काळी एवढ्या जाड हाडाचा सस्तन प्राणी नव्हता. तुकडा खरंच तिथला असेल, तर तो टायटॅनोसॉर गटातल्या, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरचा असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

"म्हणजे बाबांनी निम्मं बरोबर लिहिलं."

"जे निम्मं आम्हाला यंत्राने कधीच सापडलं नसतं, ते लिहिलं."

अहवालात मी 'हाड, प्रौढ प्राणी, स्थळ चिठ्ठीनुसार' एवढंच लिहिलं. जुनी चिठ्ठी काढू नका, नवी तिच्या शेजारी लावा, असं कॉलेजच्या बाईंना फोन करून बजावलं. जुन्या संग्रहांतल्या चिठ्ठ्या 'नीटनेटकं' करण्याच्या नावाखाली फेकणाऱ्यांचा मला फार राग येतो.

बिलाच्या वेळी वेगळाच घोळ झाला. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये हाड नावाचा नमुनाच नाही. अकाउंट्सने शेवटी 'भरड खडी, 1 नमुना' असं बिल काढलं. काकूंनी चष्मा लावून ते नीट वाचलं आणि जीएसटी किती टक्के धरलाय, एवढंच विचारलं.