छोटा सीन गटाने शूट करताना

सीन दोन मिनिटांचा असला तरी बारा-पंधरा शॉट होतातच, आणि फसतो तो बहुतेक वेळा आवाजात. शूट करणारा मोबाइल बोलणाऱ्यापासून तीन-चार फुटांपलीकडे गेला की संवादापेक्षा खोलीचा घुमाराच जास्त ऐकू येतो. म्हणून दुसरा मोबाइल रेकॉर्डिंगला लावून बोलणाऱ्याच्या छातीजवळ, फ्रेमबाहेर धरा. प्रत्येक टेकच्या, म्हणजे शॉटच्या प्रत्येक प्रयत्नाच्या, सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये चित्र आणि आवाज त्या टाळीवर जुळवता येतात. पंखा, फ्रिज बंद. निघण्यापूर्वी सगळ्यांनी गप्प उभं राहून ३० सेकंद रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. कापलेल्या संवादांमधल्या फटी त्यानेच बुजतात.

एक्स्पोजर (चित्रातल्या उजेडाचं प्रमाण) आणि फोकस लॉक करा, नाहीतर पात्र हललं की उजेड आपोआप वरखाली होतो.

दोघांच्या संभाषणात कॅमेरा त्या दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. ती ओलांडली की दोघं एकाच दिशेला बघताना दिसतात, आणि हे एडिटिंगमध्ये सहसा सुधारत नाही. कंटिन्युइटीला, म्हणजे एका शॉटमधलं दुसऱ्यात तसंच राहतंय ना हे बघायला, वेगळा माणूस हवाच: कप कोणत्या हातात होता, हे अभिनय करणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. 'कट' एकानेच म्हणायचं, तेही कृती संपल्यावर मनात पाच मोजून.