देवाशी भांडण

मंगळवार, रात्री उशिरा

आज पुन्हा कुणीतरी म्हणालं, "देव भल्यांचीच परीक्षा बघतो गं." मी मान डोलावली. अशा वेळी मान डोलावणं आता चांगलं जमतं. आत मात्र धुमसत होते. परीक्षा माझी, तर बाबांना का असं अंथरुणाला खिळवून ठेवलंय? बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हे कळतं. पण ज्याचं जळतं त्याला कळतं.

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा मी देवाकडे बळ मागितलं होतं. बळ म्हणजे शांतपणा, अशी माझी समजूत होती. एकदा का ते मिळालं की काही टोचणार नाही, रडू येणार नाही. तसलं काहीच वाट्याला आलं नाही. जे आलं ते बरंच भांडखोर निघालं.

बाबांच्या कमरेखाली जखम झाली आहे, पडून पडून होते ती. ड्रेसिंग रोज मीच करते. जुना गॉज, म्हणजे जखमेवरचं जाळीदार कापड, सुकून चिकटलेला असतो. हिसका देऊन काढला तर खाली धरू लागलेली नवी कातडीही त्याच्याबरोबर निघून येते, म्हणून त्यावर सलाईन सोडायचं आणि तो सुटेपर्यंत थांबायचं. एका हाताने बाबांना कुशीवर धरून ठेवलेलं, दुसऱ्या हातात चिमटा. त्या वेळात दुसरं काहीही करता येत नाही. पूर्वी तेवढ्यात जप व्हायचा. हल्ली मी सरळ विचारते, "तू आहेस ना? मग हे काय चाललंय?" उत्तर येत नाही. गॉज सुटतो, जखम धुऊन होते, बाबा "झालं?" एवढंच विचारतात. पण विचारून टाकल्यावर माझे हात जास्त स्थिर असतात, हे मी बघितलंय.

असं बोलणं पाप आहे असं मला लहानपणापासून वाटायचं. मग तुकोबा आठवले. १६३० च्या सुमाराचा दुष्काळ, धंदा बुडालेला, पहिली बायको गेली, मुलगा गेला. एवढं सोसलेल्या माणसाचे अभंग आपण शांत रसाचे म्हणून गातो, पण त्यांत विठ्ठलाला किती झापलंय! रुसवा आहे, जाब विचारणं आहे, चक्क शिव्याही आहेत. ज्याच्यावर हक्क वाटतो त्याच्याशीच माणूस असं भांडतो. परक्याशी आपण नीटच वागतो.

मानसशास्त्रातही याच्या जवळचं काही सापडलं. टेडेस्की आणि कॅल्हून या दोन अमेरिकन संशोधकांनी १९९६ मध्ये, आघातानंतर माणसात होणारी वाढ मोजायला २१ विधानांची प्रश्नावली केली. नात्यांतली जवळीक, स्वतःच्या ताकदीची जाणीव अशा पाच बाजू ते बघतात, आणि त्यांतली एक आध्यात्मिक बदलाची आहे. मला पटलं ते वेगळंच. त्यांच्या मते वाढ संकटामुळे होत नाही, संकटाशी झगडताना होते. आणि ती होत असताना दुःखही तिथेच असतं. म्हणजे संकटाचे आभार मानायची गरज नाही. हायसं वाटलं. "यातूनच तू घडशील" म्हणणाऱ्यांना हे सांगावंसं वाटतं, पण सांगणार नाही.

तरी एका गोष्टीने विचारात पाडलं. केनेथ पार्गामेंट हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५५ वर्षांपुढच्या आजारी माणसांचा दोन वर्षं मागोवा घेतला होता. २००१ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. देवाने आपल्याला टाकलं, त्याचं आपल्यावर प्रेमच नाही, असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात मृत्यूचा धोका जास्त दिसला. मग माझं भांडण कुठल्या खात्यात? बराच वेळ डोक्यात हेच होतं. मला वाटतं, भांडताना निदान समोर कुणीतरी आहे हे धरलेलं असतं. टाकून दिल्यासारखं वाटतं तेव्हा माणूस बोलायचाच थांबतो, देवाशीही आणि घरच्यांशीही. मधले काही दिवस मी तशीच होते. ड्रेसिंग व्हायचं, औषधं वेळेवर जायची, आणि दिवसभरात कामापलीकडे एक शब्द निघायचा नाही. सगळे म्हणत होते, किती खंबीर आहे ही. त्या खंबीरपणाची मला आता भीती वाटते.

म्हणून आज दादाला फोन केला. सगळं सांगितलं, रडलेही. तो आधी गप्प होता, मग म्हणाला, "शनिवारची रात्र मी थांबतो." दर दोन तासांनी बाबांना कूस बदलून द्यायची, ते त्याला समोर उभं करून दाखवावं लागेल. त्याला वाटतं त्यात जोर लागतो. जोर लावला की बाबा ओरडतात. खांदा आणि कंबर एकाच वेळी वळवायची, पाठीशी उशी आधीच लावून ठेवायची. गॉजचं मात्र अजून काही दिवस मीच बघेन, माझं वरच्याशी बोलणं तिथे अर्धवट राहिलंय.