कॅन्टोनीज शिकताना ‘पापै’ने घात केला (माझा अनुभव)

हाँगकाँगला आल्यावर संध्याकाळचा कॅन्टोनीजचा क्लास लावला. आकडे, बाजार, टॅक्सी सगळं झालं, सहा टोनसुद्धा (सूर बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो, ते सूर) रडतखडत जमले, पण ‘मोठी माणसं’ या धड्याला जी गाडी अडली ती दोन महिने हललीच नाही. कारण ते हँडआउट! सहा-सात शब्द आणि सगळ्यांपुढे अर्थ एकच, ‘प्रतिष्ठित’. अहो पण कुठला शब्द कुणाला म्हणायचा ते कोण सांगणार?

त्यातलाच एक पापै. रोमनमध्ये बी ने लिहितात, ऐकू येतो चक्क आपला प. शेजारच्या काकूंचा मुलगा हॉस्पिटलात मोठा डॉक्टर झाला होता, त्या लिफ्टमध्ये भेटल्या आणि मी हौसेने म्हटलं, ‘होउ पापै मे?’ मला म्हणायचं होतं, आता बडी असामी झाला ना! त्यांना ऐकू गेलं, एवढा काय मोठा लागून गेला? अठराव्या मजल्यापर्यंत काकू नुसत्या लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होत्या.

सगळा घोळ शेवटच्या ‘मे’चा. प्रश्न विचारायला लावा म्हणून शिकवलं होतं, पण तो ‘हे काय खरंय?’ असा संशय घेऊनच येतो. नुसता पापै कौतुकालाही चालतो आणि टोमण्यालाही, म्हणण्याच्या ढंगावर आहे सगळं. वर इथले लोक सांगतात की हा शब्द आपल्या ‘बाप रे’वरूनच आलाय म्हणे! म्हणजे घरच्याच शब्दाने तोंडघशी पाडलं.

शेवटी काकूंनीच शिकवलं. कुणाच्या मुलाचं कौतुक करायचंय तर सरळ ‘होउ लेक’ म्हणायचं, लेक म्हणजे हुशार, कर्तबगार. मराठी माणूस हे विसरणं शक्यच नाही. मिरवण्यासारखं काही असेल तर वै-सोय. बडा अधिकारी म्हणजे ताइ-नप-लोउ, शब्दशः मोठ्या दाण्याचा माणूस, पण हे त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं, मागे बोलायचं. समाजात मान असलेला तो याउ-थाउ-याउ-मिन, म्हणजे डोकंही आहे, तोंडही आहे.

हां, एक राहिलं, तोंड आणि नूडल्स दोन्ही मिनच, टोनही तोच. पण ‘पेइ मिन’ म्हणजे कुणाचा मान राखायचा असेल तेव्हा मिनचा सूर वर चढवायचा. आणि प-फ, त-थ, क-ख हा फरक आपल्याला आयता येतो, क्लासमधले बाकीचे तिथेच धडपडत होते, तेवढं एक सुख.

परवा काकू स्वतःहून म्हणाल्या, ‘नेइ होउ लेक’, म्हणजे तू फार हुशार आहेस. मी ‘मे?’ म्हणणार होते, जीभ चावली.