खत एका फटक्यात बंद!

आम्ही निफाडचे कांदेवाले. आमच्याकडचा माल श्रीलंकेला जातो, त्यामुळे तिथलं दिवाळं मला कधी परकं वाटलंच नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये गोटाबाया राजपक्षे ५२ टक्के मतं घेऊन राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले आणि लगेच व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला. तिजोरी आटली. पण माझा खरा राग आहे तो एप्रिल २०२१ च्या निर्णयावर. रासायनिक खतांची आयातच बंद! सेंद्रिय शेती मीही करतो, थोड्या रानात. जमीन वळणावर यायला वर्षं जातात, हे कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं. विचारलं कुणी? भात कोसळला, चहा घटला. नोव्हेंबरात बंदी उठवली, पण नुकसान व्हायचं ते झालंच. पुढे डॉलर संपले, पेट्रोलच्या रांगेत उभी माणसं मेली. ९ जुलै २०२२ ला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले. राजीनामा आला तो सिंगापूरहून! ज्यांच्या चुली विझल्या त्यांना तोंड न दाखवता जाणं मला अक्षम्य वाटतं. २०२४ मध्ये लोकांनी अनुरा कुमार दिसानायके यांना राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडलं. त्यांच्या आघाडीचे तेव्हा २२५ च्या संसदेत फक्त ३ खासदार होते. तरी त्यांच्या निवडीचं मला जराही नवल वाटलं नाही.